कानात आवाज येतो म्हणून झिंकची गोळी? आधी हे तपासा

कानात सतत शिट्टी वाजते, रातकिडे किरकिरतात, गुंई असा आवाज येत राहतो आणि बाहेर तर काहीच नसतं. डॉक्टरांच्या कागदावर याला टिनिटस किंवा कर्णनाद लिहितात. ही तक्रार मेडिकलच्या काउंटरवर सांगितली की झिंक, मॅग्नेशियम, गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) असं काहीबाही एकत्र असलेली स्ट्रिप हातात पडते. गोळ्या संपतात, आवाज तिथेच असतो.

शरीरातली सूक्ष्म मूलद्रव्यं, म्हणजे अगदी थोडी लागणारी लोह, झिंक, आयोडीन यांसारखी द्रव्यं, आणि कान यांचं नातं खरं आहे, पण ते स्ट्रिपवर छापतात तितकं सरळ नाही. एखाद्या मूलद्रव्याची कमतरता असेल तर ती भरून काढल्यावर काही जणांचा आवाज कमी होतो. कमतरताच नसेल तर वरून घातलेल्या गोळीने कानाला काही मिळत नाही, आणि झिंकच्या बाबतीत उलट नुकसान होऊ शकतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कान, मग रक्त, मग ताट, गोळी सगळ्यांत शेवटी. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी झिंकच्या आधी लोह आणि थायरॉइड बघावं, आणि घरात मासेमारीच्या जाळ्यांचं काम असेल तर शिसं.

आधी कान

कानात मळाचा घट्ट बोळा बसला असेल तर जगातली कुठलीही गोळी तो काढणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे दुसरं कारण असतं, कानातली बुरशी. दमट हवा, त्यात कोमट खोबरेल तेल कानात सोडायची सवय. तेलाने कानाची वाट ओली राहते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. खाज, जडपणा, पांढरं किंवा काळपट किटण आणि आवाज असं एकत्र असेल तर तेल, कापूस, काडी सगळं थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कान साफ करून घ्या.

कान स्वच्छ निघाला तर ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या. बहुतेक जुनाट टिनिटसच्या मुळाशी ऐकण्यातली घट असते, वयाने आलेली किंवा गोंगाटाने. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की त्या पट्टीतला आवाज मेंदूपर्यंत पोचत नाही. मेंदू मग स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि नसलेला आवाज ऐकू येऊ लागतो. मेलेल्या केसपेशी माणसात परत उगवत नाहीत, ना झिंकने, ना कशाने. ऑडिओमेट्रीच्या कागदावर 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला तर संशय गोंगाटावर घ्या: होडीचं इंजिन, चिऱ्याच्या खाणीतला कटर, बागेतला ग्रासकटर, मिरवणुकीतला डीजे. 85 डेसिबलला 8 तास ही अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची मर्यादा आहे, आणि दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलच्या इंजिनाशेजारी 15 मिनिटं. कानात कापसाचा बोळा घालून यातलं फारसं काही थांबत नाही. फोमचे इअरप्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत सारून अर्धा मिनिट दाबून धरा. अर्धवट घातलेला प्लग कापसाच्याच लायकीचा.

चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. फ्युरोसेमाइड, जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं, क्विनीन, कर्करोगासाठीचं सिसप्लाटिन आणि जास्त डोसातली ॲस्पिरिन कानाला बाधतात. हृदयासाठीची रोजची 75 मिग्रॅची ॲस्पिरिन सहसा यात मोडत नाही, तेव्हा ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

काही लक्षणांत रक्त तपासत बसायला वेळ नसतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर सर्दीने कान बसला असेल म्हणून आठवडा काढू नका. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका बरा, आणि पहिले दोन आठवडे गेले की फायद्याची शक्यता झपाट्याने घटते. फक्त एकाच कानात आवाज, सोबत गरगरणं, चेहरा वाकडा होणं, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज, नाडीबरोबर धडधडणारा आवाज, यांतलं काहीही असेल तर थेट डॉक्टर.

नाडीची परीक्षा

हे घरी करता येतं. शांत खोलीत बसा, मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी धरा आणि कानातला आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का ते एक मिनिटभर ऐका. शिट्टी किंवा किरकिर एकसारखी चालू असेल तर ती नेहमीची जात. हुश्श, हुश्श असं ठोक्याला ठोका मिळत असेल तर तो रक्तप्रवाहाचा आवाज आहे. मान एका बाजूला वळवली की तो कमी-जास्त होतो का तेही बघा, आणि डॉक्टरांना नेमकं हेच सांगा. मान दाबून बघायच्या फंदात पडू नका. उतारवयात मानेतल्या धमनीत चरबीचा थर असू शकतो, तिथे दाब देणं धोक्याचं.

ठोक्याबरोबरच्या आवाजामागे रक्तवाहिन्यांचे काही गंभीर दोषही असतात, म्हणून त्याची तपासणी टाळायची नाही. पण त्याचं एक साधं आणि बरं होणारं कारण मूलद्रव्यांच्या घरातलं आहे. ते म्हणजे लोह.

लोह: इथून सुरुवात करा

रक्तात हिमोग्लोबिन कमी झालं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदय जास्त रक्त, जास्त वेगाने ढकलतं. रक्त पातळही झालेलं असतं. कानाच्या अगदी लगत मोठ्या शिरा जातात. त्यांतला हा वाढलेला खळखळाट ऐकू येऊ लागतो. रात्री उशीवर डोकं टेकलं की जास्त. हिमोग्लोबिन वर आलं की हा आवाज बऱ्याचदा ओसरतो. टिनिटसमध्ये इतका स्वच्छ कार्यकारणभाव दुसऱ्या कुठल्या मूलद्रव्याच्या बाबतीत दाखवता येत नाही.

तपासणी दोन गोष्टींची: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन. नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने बाईचं 12 (ग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली, पुरुषाचं 13 च्या खाली आणि गरोदर बाईचं 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. निरोगी प्रौढात तो 15 मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर साठा संपलेला. एक गोम आहे. ताप, संसर्ग, सांध्यांची सूज असं काही चालू असताना फेरिटिन खोटं वाढतं. अशा वेळी 70 च्या खालचा आकडाही कमीच धरतात. म्हणून तापातून उठल्या उठल्या फेरिटिन करू नका, दोन-तीन आठवडे थांबा.

रिपोर्टमध्ये एमसीव्ही म्हणजे पेशींचा आकार लहान पण फेरिटिन भरपूर असं दिसलं तर ती लोहाची कमतरता नसून थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असण्याची शक्यता असते. तिथे लोहाच्या गोळ्यांनी काही साधत नाही. एचबी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी तपासणी करून घ्यावी लागते.

लोह कमी निघालं की डॉक्टर गोळी देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातली मोठ्यांसाठीची लोह-फॉलिक गोळी 60 मिग्रॅ शुद्ध लोहाची असते. घ्यायची कशी, यावर सगळं अवलंबून आहे. जेवणानंतर तासा-दोन तासांनी, लिंबाच्या सरबताबरोबर किंवा सोबत पेरू-आवळा खाऊन घ्या. चहा गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास नको, दूधही नको. कोकणात सकाळचा चहा आणि गोळी यांची गाठ हमखास पडते, आणि महिनाभर गोळ्या खाऊनही रक्त वाढलं नाही अशी तक्रार घेऊन लोक परत येतात. पोटाला सोसत नसेल तर एक दिवस आड घ्यायला डॉक्टरांना विचारा. साठा कमी असलेल्या बायकांमध्ये एक दिवस आड दिलेलं लोह दर डोसामागे जास्त शोषलं जातं, असं अभ्यासांत दिसलं आहे. शौचाला काळी होते, त्याने घाबरू नये. मात्र डांबरासारखी चिकट, दुर्गंधीची काळी शौच वेगळी; ती पोटातल्या रक्तस्रावाची असू शकते.

तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण 1 ते 2 ग्रॅमनी चढायला हवं. नाही चढलं तर चार गोष्टी तपासा: गोळी खरंच घेतली जाते का, चहाबरोबर जाते का, पोटात जंत आहेत का, आणि रक्त कुठून जातंय का. अंगावरून जास्त जाणं, मूळव्याध, आतड्यातला व्रण. पुरुषात किंवा पाळी बंद झालेल्या बाईत लोह कमी निघालं तर गोळी देऊन मोकळं होता येत नाही, रक्त कुठून जातं ते शोधावंच लागतं. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावर साठा भरायला साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची. बहुतेक लोक इथेच सोडतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तिथेच येतात.

आयोडीन आणि मिठागराचं मीठ

समुद्राकाठी राहतो, मासे खातो, मग आयोडीन कमी कसं असेल, असं वाटतं. मासळीतून आयोडीन मिळतं हे खरं, पण समुद्राचं पाणी आटवून केलेल्या मिठात ते जवळजवळ नसतं. मिठागरातलं जाडं मीठ गोणीने आणून वर्षभर तेच वापरणारी घरं आजही आहेत, आणि श्रावणापासून गणपतीपर्यंत, शिवाय वाराला, मासे बंद. सैंधवाचीही तीच गत, त्यात आयोडीन घातलेलं नसतं.

थायरॉइड मंदावलं की थकवा, वजन वाढणं, थंडी सोसवेना होणं, आवाज घोगरा होणं याबरोबर ऐकणं कमी होणं आणि कानात आवाज येणंही काही जणांत दिसतं. तपासणी टीएसएचची, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाची. रक्तातलं आयोडीन तपासून घ्यायची गरज नाही. लघवीतल्या आयोडीनची तपासणी गावाचा अंदाज घ्यायला चांगली, एका माणसाबद्दल तिच्यावरून फारसं सांगता येत नाही.

प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणात 250. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हातात येताना किमान 15 पीपीएम, म्हणजे किलोमागे 15 मिग्रॅ, आयोडीन असायला हवं. म्हणजे 5 ग्रॅम मिठातून 75 मायक्रोग्रॅम. उरलेलं मासळी, दूध, अंडी भरून काढतात. जाडं मीठ लोणच्याला, मासे खारवायला खुशाल वापरा. रोजच्या आमटी-भाजीला मात्र आयोडीनयुक्त मीठ, झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब, आणि शक्यतो पदार्थ उतरवताना घाला. पावसात उघड्या भांड्यातलं मीठ पाझरतं, त्या पाण्याबरोबर आयोडीनही जातं. सागरी शेवाळाच्या गोळ्या घेऊ नका. जास्तीच्या आयोडीननेही थायरॉइड बिघडतं.

टीएसएच वाढलेलं निघालं तर उपाय आयोडीन नाही, डॉक्टरांनी दिलेली थायरॉक्सिनची गोळी आहे. ती सकाळी उपाशीपोटी, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी.

झिंक: कुणाला लागतं, कुणाला नाही

झिंकचं नाव कानाशी का जोडलं गेलं, याला कारण आहे. आतल्या कानातल्या शंखात झिंक चांगल्या प्रमाणात असतं. तिथली एक महत्त्वाची संरक्षक यंत्रणा, सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर, तांबं आणि झिंक यांच्याशिवाय चालत नाही. श्रवणमार्गातल्या काही चेतासंधींतही (दोन चेतापेशींच्या जोडांत) झिंक साठवलेलं असतं. यावरून झिंक दिलं तर आवाज कमी होईल असा कयास बांधला गेला आणि तपासलाही गेला. वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात तीन चाचण्या आणि 209 रुग्ण होते. झिंकने प्रौढांचा टिनिटस सुधारतो असा पुरावा मिळाला नाही. त्यातल्या एका चाचणीत साठीच्या पुढच्या लोकांना रोज 50 मिग्रॅ झिंक चार महिने दिलं होतं, तेही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शिकेत झिंक, गिंको, मेलाटोनिन आणि इतर पूरक गोळ्या टिनिटससाठी सुचवू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे.

मग झिंक कधी बघायचं? कमतरतेची कारणं किंवा खुणा असतील तेव्हाच. जुनाट जुलाब, रोजची दारू, यकृताचा आजार, पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन, वर्षानुवर्षं चाललेली थायाझाइड जातीची बीपीची गोळी, किंवा म्हातारपणी भात आणि पातळ आमटी एवढ्यावर आलेलं जेवण. खुणांमध्ये तोंडाची चव आणि वास मंदावणं, जखम लवकर न भरणं, केस गळणं, तोंडाभोवती चट्टे.

रक्तातल्या झिंकची तपासणी चुकवायला सोपी, म्हणून ती कशी द्यायची ते नीट बघा. सकाळी उपाशीपोटी द्या, कारण जेवल्यावर आणि दिवस चढेल तसं झिंक उतरतं. आदल्या दिवशी झिंकची गोळी घेऊ नका. नमुना सूक्ष्म मूलद्रव्यांसाठीच्या खास नळीत घ्यायला हवा, तिचं बूच गडद निळं असतं. साध्या नळीच्या रबरी बुचातून झिंक नमुन्यात उतरतं आणि आकडा फुगतो. रक्तपेशींमध्ये सीरमपेक्षा (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवापेक्षा) कितीतरी जास्त झिंक असतं, तेव्हा पेशी फुटल्या किंवा नमुना वेगळा न करता तासन्‌तास तसाच राहिला तरी आकडा खोटा वाढतो. तालुक्याच्या लॅबमधून नमुना बहुधा मुंबई-पुण्याला जातो. पाठवण्याआधी सीरम इथेच वेगळं करणार ना, एवढं विचारून घ्या, आणि रिपोर्टवर हिमोलाइज्ड (पेशी फुटलेल्या) असा शेरा असेल तर आकडा सोडून द्या. संसर्ग किंवा सूज असताना, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी असताना झिंक खोटं कमी दिसतं. साधारण 70 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालचा आकडा कमी धरतात. केसांवरून मूलद्रव्यं मोजणारी पॅकेजं घेऊ नका. शाम्पू, मेंदी, हवा यांनीच ते आकडे हलतात.

कमतरता ठरली तर डोस डॉक्टर सांगतील, पण स्ट्रिप वाचता यायला हवी. महत्त्वाचा आकडा एलिमेंटल म्हणजे शुद्ध झिंकचा. झिंक सल्फेट 220 मिग्रॅ म्हणजे 50 मिग्रॅ झिंक, तर झिंक ग्लुकोनेट 50 मिग्रॅमध्ये जेमतेम 7 मिग्रॅ. मुलांच्या जुलाबावर मिळणारी विरघळणारी गोळी 20 मिग्रॅची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे रोजची गरज पुरुषाला 17 आणि बाईला 13.2 मिग्रॅ आहे. प्रौढांसाठी अन्न आणि गोळी मिळून 40 मिग्रॅ ही अमेरिकेत धरलेली वरची मर्यादा. त्यापुढे नेहमीसाठी जायचं नाही. झिंक जास्त झालं की आतड्यातच तांब्याला अडवतं. काही महिन्यांनी तांबं इतकं उतरतं की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. हा रक्तक्षय लोहाने भरत नाही, आणि झिंककडे कुणाचं लक्ष जात नाही. मल्टिव्हिटॅमिन, केसांची गोळी आणि कानाची गोळी असं तीन ठिकाणचं झिंक एकत्र होतं तेव्हा हे घडतं. सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडा आणि बेरीज करा.

उपाशीपोटी झिंक घेतलं की मळमळतं. थोडं खाऊन घ्या.

ताटात काय

झिंकच्या बाबतीत कोकणाएवढं श्रीमंत ताट कमी ठिकाणी आहे. कालवं या यादीत सगळ्यांत वर. जातीप्रमाणे आकडा फार बदलतो, पण 100 ग्रॅमला बहुधा 15 मिग्रॅच्या पुढेच. कुर्ल्यांच्या 100 ग्रॅम मांसात 3 मिग्रॅच्या वर. तिसऱ्या, शिनाणे या शिंपल्यांत झिंक कमी, पण लोह आणि बी-12 चांगलं. कालवं आठवड्यातून एकदा पुरेत. शिंपल्यातला जीव पाणी गाळून खातो, म्हणून पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठतं, कॅडमियमसारखे धातू आणि सांडपाण्यातले जंतूसुद्धा. ज्या खाडीत गटार किंवा कारखान्याचं पाणी उतरतं तिथली कालवं-तिसऱ्या नकोत. शिजवण्याआधी उघडे असलेले आणि टोकरल्यावर न मिटणारे शिंपले टाका. उकळताना शिंपला उघडला म्हणजे शिजला असं नाही; उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं उकळू द्या. शिजल्यावरही बंद राहिलेला फेका.

मासे न खाणाऱ्यांसाठी काजू. 100 ग्रॅममध्ये 5 मिग्रॅच्या वर झिंक आणि भरपूर तांबं, त्यामुळे झिंकची गोळी ज्या बाजूने चुकते ती बाजूही सांभाळली जाते. रोज मूठभर, म्हणजे 25-30 ग्रॅम. तीळ त्याहून सरस. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 2.5 मिग्रॅ झिंक, 4.6 मिग्रॅ लोह.

धान्या-कडधान्यात हे सगळं असतं, पण फायटेट हे दाण्यातलंच द्रव्य त्याला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. सोडवायचे तीन मार्ग: भिजवणं, मोड आणणं, आंबवणं. कुळीथ रात्री तिप्पट पाण्यात 10-12 तास भिजवा, पाणी ओता, ओल्या फडक्यात बांधून एक दिवस ठेवा. दाण्याएवढा मोड आला की उसळ करा. कुळथाची पिठी चवीला कितीही लाडकी असली तरी भाजण्याने फायटेट मोड आणण्याइतकं उतरत नाही. उसळ आणि पिठी आलटून पालटून चालवा. नाचणीची आंबील करताना तीन मोठे चमचे पीठ, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, अर्धी वाटी ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी तीन वाट्या पाण्यात शिजवा. उन्हाळ्यात आठ तासांत आंबतं, पावसात बारा लागतात. जेवताना ताटात लिंबाची फोड किंवा कैरीचं लोणचं असू द्या, डाळी-पालेभाज्यांमधलं लोह त्याने जास्त शोषलं जातं. जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकला.

सुक्या मासळीतून प्रथिनं आणि खनिजं मिळतात, सोबत मीठही रग्गड. बीपी असलेल्यांनी सुकं खारं अर्धा तास पाण्यात ठेवून, पाणी टाकूनच शिजवावं.

शिसं: जे कमी करायचं आहे

मूलद्रव्य म्हटलं की फक्त भर घालायचा विचार होतो. रक्तातलं शिसं वाढलं की श्रवणशक्ती घटते, आणि श्रवणशक्ती घटली की टिनिटसची वाट मोकळी होते. किनाऱ्यावर शिसं घरात येतं ते जाळ्याबरोबर. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं; त्याच्या घेराला शिशाचे मणी ओवलेले असतात. पाग फेकताना कडेचा एक भाग दातांत धरायचा, हात मोकळे ठेवायचे, आणि नेमक्या वेळी सोडायचा. मण्यांचा करडा थर ओठांना, जिभेला लागतो तो असा. मणी घरीच ओतायचे असतील तर जुन्या बॅटरीतलं किंवा भंगारातलं शिसं चुलीवर वितळवलं जातं, आणि त्याची धूळ त्याच पडवीत पडते जिथे मूल रांगत असतं.

करायचं ते असं. घरात, पडवीत, स्वयंपाकाच्या चुलीवर शिसं वितळवू नका. बॅटरीतलं तर कुठेच नाही. तयार मणी विकत घ्या. पाग दातांत धरण्याऐवजी कोपरावर किंवा खांद्यावर टाकून फेकायची सवय लावा. जाळं विणताना-दुरुस्त करताना विडी-तंबाखू नको, कारण हाताचं शिसं तोंडात त्याच वाटेने जातं. काम झालं की जेवणाआधी साबणाने हात, नखांसकट. कामाचे कपडे वेगळे धुवा. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्याला कानात आवाज, पोटात मुरडा, हातात अशक्तपणा असेल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या; 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर असेल तर ते कुठून येतं ते शोधून बंद करावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोह कमी असलेल्या अंगात शिसं जास्त शोषलं जातं, हेही लोहाकडे आधी बघण्याचं एक कारण.

पितळेच्या भांड्याच्या कल्हईत शुद्ध कथिल हवं, शिसं मिसळलेलं नको. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेत सोलकढी, आगळ (कोकमाचा रस), ताक ठेवलं तर आंबटाने धातू उतरतो. मोठ्या शिकारी माशांत, मोरी (शार्क) किंवा मोठा कुपा (ट्यूना), पारा साठतो. गरोदर बायकांनी बांगडा, तारली, मांदेली यांवर भर द्यावा.

उरलेली

मॅग्नेशियम हे सूक्ष्म मूलद्रव्य नाही, ते बरंच जास्त लागतं, पण कानाच्या गोळीत ते असतंच म्हणून इथे. इस्रायलमध्ये 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लष्करी प्रशिक्षणातल्या तरुणांना रोज 167 मिग्रॅ मॅग्नेशियम दिलं, त्यांच्यात गोळीबाराने होणारी श्रवणहानी कमी दिसली. तो गोंगाटाआधीचा बचाव होता, आधीच जडलेल्या टिनिटसवरचा इलाज नव्हे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियम विचारल्याशिवाय घेऊ नका. सेलेनियम मासे खाणाऱ्याला पुरेसं मिळतं, आणि त्याची गरज व विषबाधा यांतलं अंतर लहान आहे, गोळी नको. कोबाल्ट शरीराला लागतं ते बी-12 च्या रूपात. शाकाहारी असाल, किंवा मधुमेहावर मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, तर सीबीसीबरोबर बी-12 करून घ्या.

गोळ्यांच्या वेळा

लोह आणि झिंक दोन्ही लागत असतील तर एकत्र घेऊ नका, एक सकाळी तर दुसरं संध्याकाळी. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस या तापापासून बचावासाठी आरोग्य केंद्रातून डॉक्सिसायक्लिन दिलं जातं; लोह, झिंक, मॅग्नेशियम त्याला पोटातच बांधून टाकतात आणि औषध फुकट जातं. ज्या दिवशी डॉक्सिसायक्लिन घ्याल त्या दिवशी लोह, झिंक, मॅग्नेशियमची गोळी वगळलेली बरी. सिप्रोफ्लॉक्सासिनलाही हाच नियम.

फरक पडतो की नाही हे आठवणीवर सोडू नका. कॅलेंडरवर दर रविवारी रात्री झोपण्याआधी आवाजाचा त्रास 0 ते 10 मध्ये लिहा, आणि शेजारी झोप किती झाली. लोह किंवा थायरॉइडचा उपचार असेल तर तीन महिन्यांनी रक्त आणि रविवारचे आकडे शेजारी ठेवून बघा. रक्त सुधारलं आणि आकडा जिथल्या तिथे असेल तर मूलद्रव्यांचा शोध तिथे थांबवा. त्यापुढचा मार्ग वेगळा आहे: ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, रात्री पंखा किंवा हलका पावसाचा आवाज कानातल्या आवाजापेक्षा किंचित खाली ठेवून, आणि आवाजाने झोप-मन पोखरलं असेल तर सीबीटी म्हणजे वर्तनोपचार. टिनिटसचा त्रास कमी होण्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा सध्या या शेवटच्या उपचाराचा आहे, आणि आवाज तितकाच असूनही तो लागू पडतो.